कडेचे आकडे

१

तिसरा रोल कोरा निघाला आणि ताईच्या दुपारच्या झोपेचं खोबरं झालं.

फोनवर भावजय होती. "ताई, आता तुम्हीच या. माझं ऐकत नाहीत, मुलाचं ऐकत नाहीत. तुमचं तरी ऐकतील."

"माझं त्याने जन्मात कधी ऐकलंय?" ताई म्हणाली, पण तोवर ती चपला शोधायला लागली होती.

भाऊ तिच्याहून चार वर्षांनी धाकटा. घरीदारी सगळे त्याला खटक्या म्हणत, कारण शाळेत असल्यापासून गळ्यात कॅमेरा आणि रस्त्यात कुठेही, कुणासमोरही, खट्! कुणी जांभई देतंय, खट्. दोन बायका एका छत्रीवरून भांडताहेत, खट्. कुणाला नीट उभं करायचं नाही, हसा म्हणायचं नाही, विचारायचं तर मुळीच नाही. आणि रोल काळा-पांढराच हवा. साऱ्या जगाने फिल्म सोडली, याने सोडली नाही. जिन्याखालच्या खोलीत स्वतः रोल धुवायचा, दोरीवर वाळत घालायचा आणि घरभर रसायनांचा आंबट वास करून ठेवायचा. साठी उलटली, गुडघे बोलायला लागले, तरी गडी रोज रस्त्यावर.

ताई पोचली तेव्हा हा गडी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मान खाली घालून बसला होता. टेबलावर कोऱ्या फिल्मचं भेंडोळं पडलं होतं.

भावजयीने तिला बाजूला ओढलं. "मागे गॅस चालू ठेवला. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. आणि आता हे. कॅमेऱ्यात रोल नीट भरायचंच विसरतात. डॉक्टरांची वेळ घेतलीय. कॅमेराही विकून टाकलेला बरा. उद्या रस्त्यात घरचाच पत्ता विसरले तर काय करू मी?"

ती चिडून बोलत होती, पण डोळे सुजलेले होते.

"भरला होता गं ताई," खटक्या स्टुलावरूनच म्हणाला. "काल चौकात एक माणूस पाठीवर केवढा तरी आरसा घेऊन चालला होता. त्या आरशात सगळं आकाश. मी खटका दाबला, मला आठवतंय. पण तीन वेळा असं झालं. आता माझं मलाच खरं वाटत नाही."

ताईची हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. रडणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि न रडणाऱ्यावर तर त्याहून नाही, असा तिचा खाक्या. पण भावाचं ते शेवटचं वाक्य तिला खटकलं. तो विसरतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तो स्वतःवर शंका घेतो, हे मात्र नवीन होतं.

तिने फिल्म उचलली आणि खिडकीशी धरली. काचेसारखी स्वच्छ होती. तिने कड डोळ्यांजवळ नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि मग दुसरी कड पाहिली.

"डॉक्टरांची वेळ राहू दे," ती म्हणाली. "हे विसरणं नाही. हे कुणीतरी मुद्दाम केलंय."

२

"म्हणजे काय?" भावजय म्हणाली.

"म्हणजे तेच. एक जुना, चांगला रोल आण रे खटक्या."

ताई आणि खटक्या, दोघं वडिलांच्या फोटो स्टुडिओत वाढलेली. खेळायच्या वयात दोघांनी ओल्या फिल्मांना चिमटे लावले होते. ताईने पुढे ते सगळं सोडून विम्याची नोकरी धरली, पण डोळे विसरले नव्हते. तिने जुनी फिल्म आणि कोरी फिल्म शेजारी शेजारी धरली.

"जुन्या फिल्मच्या कडेला काय दिसतंय?"

"आकडे," भावजय म्हणाली. "आणि कंपनीचं नाव."

"हे कुठून येतात रे?"

"कारखान्यातून," खटक्या कंटाळून म्हणाला. "फिल्म बनवतानाच उजेडाने छापतात. धुतली की उमटतात. हे काय विचारणं झालं?"

"आणि कॅमेऱ्यात रोल चुकीचा बसला, पुढे सरकलाच नाही, तर?"

"तर फोटो येत नाहीत. आकडे मात्र..." तो थांबला. स्टुलावरून उठला. तिच्या हातातली कोरी फिल्म ओढून घेऊन त्याने कड पाहिली. "आकडे येतातच. कॅमेऱ्याचा त्याच्याशी संबंधच नाही."

"मग इथले आकडे कुठे गेले?"

खटक्याने बोटांवर मोजत सांगितलं. फिल्म धुताना दोन रसायनं लागतात. आधी डेव्हलपर, तो चित्र बाहेर काढतो. मग फिक्सर, तो उरलंसुरलं धुऊन चित्र पक्कं करतो. उलटं केलं, फिक्सर आधी ओतला, तर तो सगळंच धुऊन नेतो. फोटोही जातात आणि आकडेही.

"मग तू उलटं ओतलंस?"

"ताई, तू तुझ्या तोंडात घास घालायच्या ऐवजी कानात घालतेस का?"

ताईला बरं वाटलं. भाऊ चिडला म्हणजे शुद्धीवर होता.

तिघं जिन्याखाली गेली. फळीवर दोन सारख्याच तपकिरी बाटल्या होत्या. चिठ्ठ्या केव्हाच गळून गेलेल्या. एका बाटलीच्या गळ्याला एक रबर, दुसरीच्या गळ्याला दोन. एक रबर म्हणजे आधी ओतायची, दोन म्हणजे नंतर. वडिलांची पद्धत. फिल्म एकदा डब्यात बंद झाली की दिवा लावायला हरकत नसते, पण खटक्याने तो कधी लावला नाही. बोटांनी रबर चाचपायचं आणि अंधारात ओतायचं. वडील तसंच करत, म्हणून हाही तसंच करणार.

"मूर्खपणाची परंपरा," ताई म्हणाली.

खटक्याने नव्या फिल्मचा तुकडा एक रबरवाल्या बाटलीतल्या थेंबात बुडवला. तो काळा पडला, म्हणजे डेव्हलपरच. बाटल्या आता जागच्या जागी होत्या.

"म्हणजे कुणीतरी तू धुवायला बसायच्या आधी एक रबर या बाटलीवरून त्या बाटलीवर चढवलं आणि नंतर परत होतं तसं ठेवलं. पण फिक्सर आंबट असतो ना? वासावरून नाही कळलं तुला?"

"त्या मोठ्या तापापासून मला वास येतो कुठे? दूध नासलं तरी कळत नाही."

"दूध करपलं तरी कळत नाही," भावजय म्हणाली. "म्हणून तर गॅस..." आणि ती नवऱ्याकडे बघायला लागली.

त्याच वेळी दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. दार अर्धवट उघडं होतं, आणि फटीतून पांढरा कोट दिसत होता.

३

पांढरा कोट दातांच्या डॉक्टरांचा होता. तळमजल्यावर त्यांचा भाड्याचा दवाखाना. जिन्याखालची खोली एक्स-रेच्या यंत्रासाठी आपल्याला मिळावी, असं ते वर्षभर मागत होते. खोलीला नुसती कडी होती आणि ती त्यांच्या पेशंटांच्या बाकापासून दोन पावलांवर.

"पूर्वी एक्स-रे तुम्ही घरीच धुवायचात ना?" ताईने रसायनांची अदलाबदल सांगून सरळ विचारलं.

"हो तर. तेच डेव्हलपर, तेच फिक्सर." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. "अहो ताई, मला खोली हवी आहे, पण त्यासाठी मी काय रसायनांची अदलाबदल करणार? आणि फिक्सर ओतताना वासाने माणूस दचकतो. पहिल्याच वेळी पकडला जाईल. असलं काम कोण करेल?"

ताईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चोर असेल तर पोचलेला, नसेल तर भाबडा. ज्याला खटक्याचं नाक गेल्याचं ठाऊक नाही, तो हा बेत रचणार नाही. तिने त्यांना मनातल्या मनात अर्धं सोडलं.

मग भावजयीची पाळी. भावजय संतापली.

"मी? ताई, मला करायचं असतं तर बाटल्याच मोरीत ओतल्या असत्या! यांच्या कॅमेऱ्यापायी माझा जीव मेटाकुटीला आलाय. लग्नाच्या वाढदिवसाला मला घेऊन गेले, आणि वाटेत एका कुत्र्याच्या मागे जे गेले ते गेले. मी दुकानासमोर तासभर उभी! पण चोरून करणं माझ्या रक्तात नाही. जे सांगायचं ते तोंडावर सांगते."

"ते आम्हाला ठाऊक आहे," खटक्या हळूच म्हणाला.

ताई वैतागून खोलीत येरझारा घालायला लागली, म्हणजे दोन पावलं इकडे आणि दोन तिकडे. डोक्याला दोरीवरच्या फिल्मा लागत होत्या. एक लागली, दुसरी लागली. तिने त्या झटकल्या आणि मग थबकली. या फिल्मांवर फोटो होते. नदीकाठचे, बाजारातले.

"हे कधीचे?"

"याच महिन्यातले. रविवारचे."

"आणि कोरे निघालेले?"

"कारंज्याच्या चौकातले. आडवारचे, कामाच्या दिवसांचे. तिथे दुपारी उजेड कसा पडतो, ताई, तू पाहायला..."

"तिन्ही?"

"तिन्ही."

ताई पायरीवर बसली. विसरभोळेपणा वार बघून येत नाही आणि चौकही निवडत नाही. वासाला कंटाळलेल्या बायकोला किंवा खोली हवी असलेल्या दातवाल्याला नदी काय आणि चौक काय, सारखंच. हे ज्याने केलं त्याला खटक्याचे फोटो नको नव्हते. त्याला आडवारी दुपारी त्या चौकात जे होतं ते नको होतं.

"तू कुठे फिरलास ते घरात कळतं का?"

"रोज संध्याकाळी चहाला सांगतो. मग जेवण झालं की धुवायला बसतो."

तेवढ्यात वर बेल वाजली. "साहेब आले," भावजय म्हणाली आणि चहा टाकायला धावली.

४

साहेब म्हणजे मुलगा. लहानपणी बापाचे बूट घालून घरभर फिरायचा, तेव्हापासूनचं नाव. पुढे खरंच साहेब झाला. नदीपलीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला ऑफिस, गळ्यात टाय, हातात डबा.

"आत्या! बरं झालं आलीस," तो म्हणाला आणि बूट काढायला वाकला. बुटाच्या नाड्या सुटायला फार वेळ लागत होता.

ताईने त्याला काहीच सांगितलं नाही. दावे तपासताना हीच तिची रीत होती. आपण गप्प बसायचं, समोरचा ती जागा भरून काढतो.

"फार वाईट वाटतं गं," साहेब चहा ढवळत म्हणाला. "बाबांना त्या फोटोंचं किती असतं. काल चहाला तो आरसेवाला सांगत होते, आणि नंतर रोल कोरा. हिरव्या स्वेटरातला माणूस, पाठीवर आरसा, त्यात आकाश. काय फोटो झाला असता! पण वय होतंच ना. आपण समजून घ्यायला हवं."

"हो ना," ताई म्हणाली. "समजून घ्यायला हवं."

तो कपडे बदलायला गेला. ताई खटक्याजवळ जाऊन बसली.

"तो आरसेवाला. त्याने काय घातलं होतं?"

"स्वेटर."

"कोणत्या रंगाचा?"

"रंग?" खटक्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला माशाचे पाय विचारले. "मला काय ठाऊक! मधला करडा असेल. उजेडाच्या बाजूने जरा फिका. रंग कोण बघतं?"

"खरंय," भावजय म्हणाली. "माझ्या लग्नातला शालू लाल होता, हे यांना अजून ठाऊक नाही. ताई, तुमचा चहा का गार करताय?"

ताईला चहा नकोच होता. तिला त्या पोराचे कान उपटायचे होते. पण पुराव्यावाचून कान उपटणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कारंज्याच्या चौकात गेली. कामाचा दिवस होता. कारंजं बंद, कबुतरं चालू. एका झाडाखालच्या बाकावर उघडलेलं वर्तमानपत्र होतं आणि वर्तमानपत्राखाली ओळखीचे बूट.

ताई शेजारी बसली. "पान उलट. मला आतली बातमी वाचायचीय."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. साहेबांचा चेहरा कागदाहून पांढरा झाला होता. मांडीवर आईने दिलेला डबा होता.

"आत्या, आज जरा सुट्टी..."

"ऐक. दातवाल्याला तुझ्या बापाचं नाक गेल्याचं ठाऊक नाही. तुझ्या आईला गुपचूप काही करता येत नाही. आणि दोघांनाही नदीचे रोल सोडून चौकाचेच बिघडवण्याचं कारण नाही. राहिलास तू. रबरांची पद्धत तुला बापानेच मांडीवर बसवून शिकवली असणार. आणि काल तू म्हणालास, हिरवा स्वेटर. बापाने रंग सांगितला नव्हता, कारण तो त्याला दिसतच नाही. फोटोत दिसला असता तर करडा दिसला असता. तो हिरवा बघायला माणूस इथेच हवा, दुपारच्या वेळी. तुझं ऑफिस तर नदीपलीकडे."

साहेबाने डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

"ऑफिस राहिलं नाही, आत्या," तो शेवटी म्हणाला. "आमचा अख्खा विभागच बंद केला. तीन महिने झाले. म्हटलं, दुसरं मिळालं की सांगू. मग रोज निघायचं आणि इथे येऊन बसायचं. या बाजूला ओळखीचं कुणी येत नाही. आणि एक दिवस बघतो तर समोर बाबा, डोळ्याला कॅमेरा. बाबांच्या फोटोतून कुणी सुटत नाही. कोपऱ्यातला माणूससुद्धा ते भिंगाखाली बघतात. मी घाबरलो."

"आणि रबर बदललंस. एकदा घाबरलास, मान्य. दुसऱ्यांदा? तिसऱ्यांदा? आईने डॉक्टरांची वेळ घेतली तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथेच होतो." त्याचा आवाज फाटला. "रोज म्हणायचो, आज सांगू."

"तुझी नोकरी गेली, त्यात तुझा काही दोष नाही," ताई म्हणाली. आवाज चढला होता, कबुतरं उडाली. "पण तू बापाचा स्वतःवरचा विश्वास घालवलास! काल तो मला म्हणाला, माझं मलाच खरं वाटत नाही. ऊठ. आत्ताच्या आत्ता घरी. आणि तो डबा घे, नाहीतर त्याच्यावरून तुझी आई वेगळं महाभारत करील."

६

घरी स्वयंपाकघरात साहेबाने सगळं सांगितलं. उभ्यानेच, टाय हातात धरून, एका दमात. भावजयीचा पहिला प्रश्न आलाच: "तीन महिने? तीन महिने मी पहाटे उठून डबा करतेय!" मग ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता त्याला जवळ ये म्हणून हाताने खुणावत राहिली.

खटक्या गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत होता.

"बाबा, काहीतरी बोला. शिव्या द्या."

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे," खटक्या म्हणाला.

"आहे, बाबा."

"बरं झालं." त्याने मोठा श्वास सोडला. "कारण मला वाटायला लागलं होतं की तो बाकावरचा तूसुद्धा मला भास होतोय."

"तू याला पाहिलं होतंस?" ताई म्हणाली.

"पहिल्याच दिवशी. बाकावर, झाडाखाली. बूट ओळखले मी. मग चेहरा दिसला." खटक्याने मुलाकडे पाहिलं नाही. "आयुष्यात पहिल्यांदा खटका दाबला नाही. म्हटलं, पोरगा सांगायचं तेव्हा सांगेल. त्या बाकाकडे पाठ करूनच सगळे रोल काढले. नंतरही रोज जात होतो, म्हटलं, एकटा बसतो तर निदान नजरेसमोर असावा. मग रोल कोरे यायला लागले आणि वाटलं, जे काढलं ते फिल्मवर नाही, तर जे पाहिलं ते तरी खरं कशावरून? विचारणार कुणाला?"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. हा पोराची लाज राखायला पाठ फिरवून उभा, तो बापाने पाहू नये म्हणून बापाचेच फोटो धुऊन टाकतोय, आणि ज्या फोटोंपायी एवढं रामायण झालं त्यात तो मुळी नव्हताच! विम्याच्या उभ्या नोकरीत तिने असली दिवाळखोर शहाणी माणसं पाहिली नव्हती.

"देवाने तोंडं दिलीत ना तुम्हाला?" ती ओरडली. "का ती फक्त जांभया द्यायला?"

साहेबाला हुंदका आला. तो बापाच्या गुडघ्याशी बसला, नाक पुसायला रुमाल सापडेना म्हणून टायनेच पुसायला लागला. भावजय रडणं थांबवून बोट उगारत म्हणाली, "अरे, तो चांगला टाय..."

खट्!

"अहो!" भावजय किंचाळली. "आत्ता? या वेळी?"

"आत्ताच," खटक्या म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते, पण हात स्थिर होते.

त्या सकाळी चौकात काढलेला रोल या फोटोने संपला होता. दोघं भावंडं जिन्याखाली उतरली. खटक्याने सवयीने अंधारात हात पुढे केला. ताईने त्याचं मनगट धरलं, आणि फिल्म डब्यात बंद झाल्यावर चक्क दिवा लावला. तो कुरकुरला, पण ओतलं त्यानेच. आधी एक रबर, मग दोन.

फिल्म धुऊन बाहेर निघाली. ताईने ती दिव्यासमोर धरली. चौक, कबुतरं, कारंज्याच्या काठावर पाय पसरून बसलेली बाई. बाकाची बाजू एकाही फोटोत नव्हती. आणि शेवटी मघाचं स्वयंपाकघर: बोट उगारलेली भावजय, टायमध्ये नाक खुपसलेला साहेब, मागे कपाळाला हात लावलेली ती स्वतः. निगेटिव्हच्या उलट्या उजेडात सगळ्यांचे केस पांढरे आणि चेहरे काळे. तिघंही अगदी बावळट दिसत होती.

खटक्या मात्र फोटो बघत नव्हता. तो अंगठ्याने फिल्मची कड चाचपत, डोळे बारीक करून, एकेक आकडा वाचत शेवटपर्यंत गेला.

"आहेत गं, ताई," तो म्हणाला. "सगळे आहेत."